लुईस फिगोचे रेआल माद्रिदमधील हस्तांतरण (२०००)

लुईस फिगो या पोर्तुगीज फुटबॉलपटूने २४ जुलै २००० रोजी एफ.सी. बार्सेलोना हा क्लब सोडून त्याचा परंपरागत प्रतिस्पर्धी असलेल्या रेआल माद्रिद या क्लबमध्ये प्रवेश केला. त्यासाठी रेआल माद्रिदने १,००० कोटी पेसेता, म्हणजे सुमारे ६ कोटी युरो मोजले. एका खेळाडूसाठी मोजली गेलेली ही त्या काळातील जगातील सर्वांत मोठी रक्कम होती. रकमेचा हा विक्रम पुढच्याच वर्षी मोडला गेला. हे प्रकरण स्मरणात राहिले ते बार्सेलोनाच्या पाठीराख्यांनी दिलेल्या तीव्र आणि दीर्घकाळ टिकलेल्या प्रतिक्रियेमुळे. आवडता खेळाडू क्लब सोडून गेला असता चाहत्यांच्या मनात नेमके काय घडते, याचा विचार करताना या उदाहरणाचा उल्लेख टाळणे कठीण आहे.

पार्श्वभूमी

बार्सेलोना क्लबची स्थापना १८९९ मध्ये, तर माद्रिदच्या क्लबची १९०२ मध्ये झाली. दोन्ही क्लबांची मालकी कोणा एका धनिकाकडे नसून वर्गणी भरणाऱ्या सदस्यांकडे आहे आणि अध्यक्षाची निवड सदस्य मतदानाने करतात. स्पॅनिशमध्ये अशा सदस्याला ‘सोसिओ’ म्हणतात. अनेक कुटुंबांत हे सदस्यत्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. त्यामुळे सदस्याच्या दृष्टीने क्लब हा करमणूक पुरवणारा व्यवसाय नसून स्वतःची वस्तू असते आणि त्या क्लबचा खेळाडू हा घरचाच माणूस ठरतो.

बार्सेलोनाच्या बाबतीत या भावनेला राजकीय इतिहासाची जोड आहे. कातालोनिया या प्रदेशाची स्वतःची भाषा आणि स्वतंत्र अस्मिता आहे. स्पॅनिश यादवी युद्धाच्या आरंभी, १९३६ मध्ये, क्लबचे तत्कालीन अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनी ठार मारले. पुढे १९७५ पर्यंत चाललेल्या फ्रँकोच्या राजवटीत कातालान भाषेच्या सार्वजनिक वापरावर निर्बंध होते. अशा काळात फुटबॉलचे मैदान हे लोकांनी आपल्या भाषेत मोकळेपणाने ओरडण्याचे एक ठिकाण बनले. ‘क्लबपेक्षा अधिक काही’ या अर्थाचे क्लबचे कातालान ब्रीदवाक्य याच अनुभवातून आलेले आहे. उलट रेआल माद्रिद हा कातालान पाठीराख्यांच्या नजरेत राजधानीचा आणि केंद्रसत्तेचा क्लब होता. इतिहास म्हणून हे चित्र काहीसे ढोबळ आहे, कारण माद्रिद शहराने स्वतः जवळजवळ अडीच वर्षे फ्रँकोच्या सैन्याचा वेढा सोसला होता. तथापि पाठीराख्यांच्या भावना अशा बारकाव्यांवर चालत नाहीत.

बार्सेलोनातील फिगो

फिगोचा जन्म ४ नोव्हेंबर १९७२ रोजी झाला. लिस्बन येथील स्पोर्टिंग क्लबमधून त्याच्या कारकिर्दीला सुरुवात झाली. १९९५ मध्ये युव्हेंटस आणि पार्मा या दोन इटालियन क्लबांशी त्याने केलेल्या करारांवरून वाद झाला आणि त्याला दोन वर्षे इटलीत खेळण्यास मनाई करण्यात आली. परिणामी तो बार्सेलोनाला आला. त्या वेळी योहान क्रायफ क्लबचे प्रशिक्षक होते. कराराच्या कागदांनी त्याच्या आयुष्याला वळण देण्याची ही पहिली वेळ होती, शेवटची नव्हे.

पुढील पाच हंगामांत तो उजव्या बगलेचा आक्रमक खेळाडू म्हणून संघाचा आधार बनला. ला लीगा या स्पॅनिश साखळी स्पर्धेत त्याने बार्सेलोनासाठी १७२ सामन्यांत ३० गोल केले. या काळात संघाने १९९७–९८ आणि १९९८–९९ अशी दोन लीग विजेतेपदे, दोन वेळा राजचषक आणि १९९७ चा युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. संघात त्याला नेतृत्वाचे स्थान होते. तो परदेशी असला तरी प्रेक्षकांनी त्याला आपले मानले होते आणि त्यानेही तसे मानू दिले होते. एका विजयोत्सवात केस क्लबच्या निळ्या-लाल रंगात रंगवून त्याने माद्रिदची थट्टा करणारी घोषणा जमावासमोर दिली होती. हा प्रसंग पुढे पाठीराख्यांनी वारंवार आठवला.

निवडणूक आणि करार

२००० च्या उन्हाळ्यात दोन्ही क्लबांत अध्यक्षपदाच्या निवडणुका होत्या. माद्रिदमध्ये विद्यमान अध्यक्ष लोरेंझो सांझ यांच्या कारकिर्दीत संघाने १९९८ आणि २००० असे दोनदा युरोपचे विजेतेपद मिळवले होते. अशा अध्यक्षाला हरवणे सोपे नव्हते. बांधकाम व्यावसायिक फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी त्यांच्याविरुद्ध उभे राहताना आश्वासन दिले की, आपण निवडून आल्यास फिगो माद्रिदकडून खेळेल. तो न आल्यास सर्व सदस्यांची हंगामाची वर्गणी आपण भरू. आश्वासन अशक्य वाटावे असेच होते आणि त्याचा परिणामही तसाच झाला. १६ जुलै रोजी पेरेझ विजयी झाले.

या आश्वासनामागे फिगोचे प्रतिनिधी जोझे व्हेगा यांच्याशी झालेला करार होता. मध्यस्थी माजी पोर्तुगीज खेळाडू पाउलो फुत्रे यांनी केली होती. पेरेझ जिंकले आणि फिगो आला नाही, तर मोठी भरपाई द्यावी लागेल अशी अट त्यात होती. फिगोला या कराराची किती कल्पना होती, बार्सेलोनातच अधिक वेतन मिळावे यासाठी तो केवळ दबावाचे साधन म्हणून वापरला जात होता काय, या प्रश्नांवर संबंधितांनी नंतर सांगितलेल्या हकिगती परस्परांशी जुळत नाहीत. आपल्या कामगिरीची क्लबच्या व्यवस्थापनाला पुरेशी कदर नाही, अशी खंत फिगोने मात्र पुढे अनेकदा व्यक्त केली.

बार्सेलोनात याच सुमारास नेतृत्वाची पोकळी होती. १९७८ पासून अध्यक्ष असलेले जोसेप लुईस नुन्येझ पायउतार झाले होते आणि त्यांचे दीर्घकाळचे सहकारी ज्वान गास्पार्त हे २३ जुलै रोजी निवडून आले. दुसऱ्याच दिवशी माद्रिदमध्ये आल्फ्रेदो दी स्तेफानो यांच्या हस्ते फिगोला पांढरा सदरा देण्यात आला. नव्या अध्यक्षांना हे रोखणे कायद्याने शक्य नव्हते. स्पेनमधील १९८५ च्या राजादेश क्रमांक १००६ नुसार व्यावसायिक खेळाडू भरपाई देऊन आपला करार एकतर्फी संपवू शकतो. ही भरपाई किती असावी, ते क्लब आणि खेळाडू करारातच ठरवून ठेवतात. ती रक्कम जमा झाली की क्लबच्या संमतीचा प्रश्न उरत नाही. फिगोच्या करारातील रक्कम १,००० कोटी पेसेता होती आणि पेरेझ यांनी ती पूर्ण भरली. म्हणजे बार्सेलोनाने फिगोला विकले असे म्हणता येत नाही.

पाठीराख्यांची प्रतिक्रिया

या तांत्रिक तपशिलाचा पाठीराख्यांच्या भावनेवर मोठा परिणाम झाला. क्लबने खेळाडू विकला असता राग व्यवस्थापनावर निघतो. येथे क्लबने विकले नाही. जाण्याची कृती कायद्याच्या भाषेत खेळाडूची होती. शिवाय जाण्याच्या काही दिवस आधी फिगोने बार्सेलोनातील एका क्रीडा दैनिकाला आपण राहणार असल्याची ग्वाही दिली होती. तो गेला याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याने शब्द मोडला हे लोकांना झोंबले. ज्या अध्यक्षीय निवडणुकीने आणि ज्या अटीने हे घडवले, त्यांच्याविषयी पाठीराखे तुलनेने कमी बोलले. निवडणुकीच्या अटीवर शिट्ट्या वाजवता येत नाहीत. मैदानावर उतरलेल्या माणसावर वाजवता येतात.

फिगोसाठी वापरलेल्या शब्दांतून या रागाचे स्वरूप कळते. ‘देशद्रोही’ किंवा ‘दगाबाज’ या अर्थाचा ‘त्राइदोर’, येशूला चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देणारा ‘जुदास’ आणि ‘पेसेतेरो’ हे तीन शब्द सर्वाधिक ऐकू आले. यांपैकी तिसरा शब्द ‘पेसेता’ या चलनावरून आलेला असून पैशासाठी काहीही करणारा, असा त्याचा अर्थ होतो. तिन्हींमध्ये आरोप एकच आहे, तो म्हणजे विश्वासाची किंमत घेतल्याचा. फिगो वाईट खेळतो, असे कोणीही म्हटले नाही.

२१ ऑक्टोबर २००० रोजी फिगो पांढऱ्या सदऱ्यात प्रथमच कँप नोउ या बार्सेलोनाच्या मैदानावर आला. मैदान भरलेले होते. त्याचे चित्र छापलेल्या खोट्या नोटा प्रेक्षकांनी आणल्या होत्या आणि त्याला उद्देशून लिहिलेले फलक सर्वत्र लटकत होते. चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्ट्यांचा कल्लोळ होई आणि चेंडू गेला की तो ओसरे. मैदानात येताना त्याने कानांत बोटे घातली. एरवी कॉर्नर किक घेणे हे त्याचे काम. त्या दिवशी मात्र प्रेक्षकांच्या इतक्या जवळ जाणे टाळून ते इतरांवर सोपवण्यात आले. बार्सेलोनाने सामना २–० असा जिंकला. एक गोल सिमावने, तर दुसरा लुईस एन्रिकेने केला.

लुईस एन्रिकेच्या गोलवरील जल्लोष विचार करण्याजोगा आहे. हा खेळाडू पाच हंगाम रेआल माद्रिदकडून खेळून, करार संपल्यावर १९९६ मध्ये बार्सेलोनाला आला होता. फिगो ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने तो उलट दिशेने आला होता. माद्रिदचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. बार्सेलोनाच्या प्रेक्षकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. तो पुढे संघाचा कर्णधार आणि नंतर प्रशिक्षकही झाला.

२३ नोव्हेंबर २००२ चा सामना

दोन वर्षे उलटूनही राग शमला नव्हता. २३ नोव्हेंबर २००२ रोजी फिगो पुन्हा कँप नोउवर खेळला आणि या वेळी कॉर्नर किक घेण्यासाठी तो स्वतः कोपऱ्यात गेला. त्याच्यावर नाणी, लायटर, बाटल्या अशा वस्तूंचा मारा झाला. व्हिस्कीची एक बाटली त्याच्याजवळ येऊन पडली. परिस्थिती हाताबाहेर जात असल्याचे पाहून पंच लुईस मेदिना कांतालेखो यांनी दोन्ही संघांना मैदानाबाहेर नेले आणि खेळ दहा मिनिटांहून अधिक काळ थांबला. कोपऱ्याजवळच्या हिरवळीवर पडलेले डुकराच्या पिलाचे मुंडके छायाचित्रांत आणि दूरचित्रवाणीच्या चित्रणात दिसले आणि हीच वस्तू या साऱ्या प्रकरणाची खूण बनून राहिली. सामना ०–० असा बरोबरीत सुटला.

गास्पार्त यांनी फिगोच्या वागण्याने प्रेक्षक चिथावले गेल्याचा आरोप केला. खेळाडूने कॉर्नर किक घेण्यास जाणे ही चिथावणी कशी, हे समजणे अवघड आहे. बाटली डोक्यात बसली असती तर प्रसंग निराळा ठरला असता. शिस्तपालन समितीने बार्सेलोनाला दोन सामने मैदान बंद ठेवण्याची शिक्षा सुनावली. पण अपिलांनंतर ती अमलात आली नाही.

अन्य खेळाडूंशी तुलना

क्लब सोडणाऱ्या प्रत्येक खेळाडूला बार्सेलोनात अशी वागणूक मिळालेली नाही. डेन्मार्कचा मायकेल लाउड्रप १९९४ मध्ये थेट रेआल माद्रिदलाच गेला. जानेवारी १९९४ मध्ये बार्सेलोनाने माद्रिदला ५–० असे हरवले तेव्हा तो बार्सेलोनात होता आणि जानेवारी १९९५ मध्ये माद्रिदने त्याच फरकाने परतफेड केली तेव्हा तो माद्रिदच्या संघात होता. कँप नोउवर त्यालाही शिट्ट्या ऐकाव्या लागल्या, परंतु द्वेष टिकला नाही. प्रशिक्षक क्रायफ यांच्याशी त्याचे बिनसले होते आणि १९९४ च्या युरोपीय अंतिम सामन्यातून त्याला वगळण्यात आले होते. त्याला जाण्यासाठी कारण होते, हे लोकांना मान्य होते.

ब्राझीलचा नेमार ऑगस्ट २०१७ मध्ये याच कायदेशीर तरतुदीचा आधार घेऊन पॅरिस सें-जर्मेंकडे गेला. २२.२ कोटी युरोची रक्कम त्याच्या वकिलांनी क्लबच्या कार्यालयात जमा केली. बार्सेलोनात त्याला दगाबाज ठरवणारी भित्तिपत्रके लागली. तरी तो प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला नसल्याने संतापाची धार तितकी राहिली नाही.

लिओनेल मेस्सीचे जाणे याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आर्थिक निर्बंधांमुळे त्याच्याशी नवा करार नोंदवणे क्लबला शक्य झाले नाही. ८ ऑगस्टच्या निरोपाच्या पत्रकार परिषदेत तो रडला आणि मैदानाबाहेर जमलेले पाठीराखेही रडले. क्लबला कर्जबाजारी करणाऱ्या माजी अध्यक्षांवर लोकांचा रोष होता, खेळाडूवर नव्हता. वस्तुतः वर्षभरापूर्वी, ऑगस्ट २०२० मध्ये, मेस्सीने स्वतःच क्लब सोडण्याची लेखी इच्छा कळवली होती. तेव्हाही निदर्शने झाली ती अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेउ यांच्याविरुद्ध.

परिणाम

फिगोला २००० चा बॅलन डी’ऑर पुरस्कार मिळाला. बार्सेलोनातील खेळाचाही त्यात वाटा होता, पण पुरस्कार हाती पडला तेव्हा तो माद्रिदचा झाला होता. माद्रिदकडून त्याने २००१ आणि २००३ ची लीग आणि २००२ ची चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच्यापाठोपाठ पेरेझ यांनी झिनेदिन झिदान, रोनाल्डो आणि डेव्हिड बेकहॅम यांना वर्षागणिक एक याप्रमाणे आणले आणि या धोरणाला ‘गालाक्तिकोस’ असे नाव पडले.

बार्सेलोनाने मिळालेल्या रकमेतून आर्सेनलच्या मार्क ओव्हरमार्स आणि इमॅन्युएल पेटी यांच्यासह काही खेळाडू घेतले. फिगोची जागा त्यांपैकी कोणाला भरता आली नाही. गास्पार्त यांच्या कारकिर्दीत संघाला एकही मोठे विजेतेपद मिळाले नाही आणि फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढील लीग विजेतेपदासाठी पाठीराख्यांना २००५ पर्यंत थांबावे लागले. स्पॅनिश क्लब आपल्या प्रमुख खेळाडूंच्या करारांत भरपाईचे आकडे उत्तरोत्तर वाढवत गेले. २०१७ मध्ये बार्सेलोनाने मेस्सीशी केलेल्या करारात हा आकडा ७० कोटी युरो होता.

फिगो २००५ मध्ये इटलीतील इंटर मिलानकडे गेला आणि २००९ मध्ये निवृत्त झाला. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या माहितीपटात त्याच्यासह पेरेझ, गास्पार्त, व्हेगा आणि फुत्रे यांनी आपापली बाजू मांडली आहे.