मोबाईलवरील मुक्त ॲप्स : सार्वजनिक कामाची साधने

ग्रामपंचायतीचे कार्यालय, प्राथमिक शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र अशा सार्वजनिक कामकाजाच्या प्रत्येक ठिकाणी मोबाईल आज नोंदवहीइतकाच नित्याचा झाला आहे. घरकुलाच्या जोत्याचे छायाचित्र, विद्यार्थ्यांची उपस्थिती, पिकांची पाहणी, पाण्याच्या नमुन्याचा अहवाल या साऱ्या गोष्टी त्याच्यामार्फतच पुढे जातात. नोंदवही कपाटात कुलूपबंद ठेवण्याची आपली जुनी शिस्त आहे. ती कोणी पाहावी व तिची नक्कल कोणाला द्यावी, याचे नियम ठरलेले आहेत. मोबाईलमधील नोंद कोठे जाते आणि आणखी कोणाच्या हाती पडते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो.

अशी चौकशी ज्यांच्या बाबतीत कोणालाही करता येते, अशी काही ॲप्स उपलब्ध आहेत. त्यांना ‘मुक्त’ किंवा ‘खुल्या स्रोताची’ ॲप्स असे म्हणतात. ती बहुधा विनामूल्य असतात; परंतु त्यांचे खरे महत्त्व त्याहून अधिक आहे. हे महत्त्व कोणते, आणि कार्यालयाच्या व शाळेच्या दैनंदिन कामात यांपैकी कोणती ॲप्स उपयोगी पडतील, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात येत आहे.

‘मुक्त’ म्हणजे काय?

कोणतेही ॲप ही यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका असते. प्रथम त्या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिल्या जातात. या लेखनाला मूळ संहिता म्हणतात. पुढे तिचे यंत्राला समजेल अशा रूपात परिवर्तन केले जाते आणि तेच रूप आपल्या मोबाईलवर येते. औषधाची गोळी पाहून तिच्यातील घटक ओळखता येत नाहीत, त्याचप्रमाणे या यंत्ररूपावरून ॲप आतल्या आत काय करते हे सहजासहजी कळत नाही. बहुतेक व्यापारी ॲप्सची मूळ संहिता ती तयार करणाऱ्या कंपनीपाशीच राहते. मुक्त ॲपची संहिता प्रसिद्ध केलेली असते. शिवाय सोबतच्या परवान्याने वापरणाऱ्यास चार अधिकार दिलेले असतात : कोणत्याही कामासाठी ते वापरणे, त्याची संहिता अभ्यासून तीत बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि सुधारलेली आवृत्तीही वाटणे.

या विचाराला चार दशकांचा इतिहास आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. १९८९ मध्ये ‘जीपीएल’ या परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहिला. आज आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाईल याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. अँड्रॉइडवरील पहिला मोबाईल २००८ साली बाजारात आला. अँड्रॉइडचा मूळ भाग खुला असला, तरी त्यावर मोबाईल कंपन्यांनी व गूगलने चढविलेल्या अनेक सेवा खुल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

फुकटाचे मोल

‘ॲप फुकट आहे, मग बिघडले कोठे?’ असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेतील एक प्रकरण या संदर्भात बोधप्रद ठरेल. मोबाईलचा दिवा लावण्याचे एक साधे ॲप तेथे कोट्यवधी लोकांनी घेतले होते. हे ॲप वापरणाऱ्याचे ठिकाण आणि त्याच्या मोबाईलचा ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना पुरवीत असे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी केलेली कारवाई डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाली. दिवा लावण्यासाठी माणसाचा ठावठिकाणा कळण्याची काहीच गरज नसते. तरीही ही बाब कोट्यवधी वापरणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती, कारण आत पाहण्याची सोयच नव्हती.

हाच प्रकार लाभार्थ्यांच्या यादीचे छायाचित्र काढणाऱ्या किंवा विद्यार्थ्यांची नावे साठविणाऱ्या ॲपच्या बाबतीत घडला तर? ती माहिती आपली नसते. नागरिकांनी व पालकांनी ती विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला आहे. त्यामुळे साधनांची निवड हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही.

ॲप्स कोठून घ्यावीत?

मुक्त ॲप्सचे सर्वांत परिचित भांडार म्हणजे ‘एफ-ड्रॉइड’. ते २०१० साली सुरू झाले. येथे केवळ मुक्त ॲप्स ठेवली जातात आणि बहुतांश ॲप्स भांडाराचे कार्यकर्ते प्रसिद्ध झालेल्या मूळ संहितेवरून स्वतः बांधून घेतात. एखाद्या ॲपमध्ये जाहिराती असतील किंवा ते वापरणाऱ्याचा माग काढीत असेल, तर तशी सूचना त्याच्या माहितीत ठळकपणे दिलेली असते. खाते उघडण्याची किंवा दूरध्वनी क्रमांक देण्याची आवश्यकता नसते.

मात्र हे भांडार गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवावे लागते आणि त्यासाठी मोबाईलमध्ये बाहेरील ॲप बसविण्याची परवानगी द्यावी लागते. हे काम आटोपताच ब्राउझरला दिलेली ही परवानगी काढून घ्यावी. वाहनाचे चलन किंवा शासकीय योजना यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल पाठवून लोकांच्या बँक खात्यांतील रकमा लांबविण्याचे प्रकार आपल्याकडे घडत आहेत, ते याच दाराने. संदेशातून आलेली एपीके फाईल, मग ती कोणाकडूनही आलेली असो, कधीही उघडू नये. ज्यांना हा मार्ग अवघड वाटेल त्यांना चिंतेचे कारण नाही. पुढे उल्लेखिलेली बहुतेक ॲप्स प्ले स्टोअरमध्येही आहेत.

शाळेसाठी

‘किविक्स’ या ॲपमुळे इंटरनेट नसतानाही विकिपीडिया वाचता येतो. इंटरनेट असलेल्या ठिकाणी एकदा संपूर्ण ज्ञानकोशाची फाईल उतरवून घेतली की काम भागते. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही अशा रीतीने मिळतो, आणि इंग्रजीच्या तुलनेत त्याची फाईल पुष्कळच लहान आहे. शिक्षकाच्या मोबाईलवरील ही सामग्री हॉटस्पॉटच्या साहाय्याने वर्गातील इतर मोबाईलवर किंवा संगणकावर वाचण्याचीही सोय आहे. डोंगराळ भागातील ज्या शाळांत जोडणी वारंवार तुटते, तेथे हे एक छोटे ग्रंथालयच होय.

‘अँकीड्रॉइड’ हे पाठांतरास साहाय्य करणारे ॲप आहे. एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर अशी पत्रे त्यात तयार करता येतात. विद्यार्थ्यास जे उत्तर सहज आठवते, ते पत्र बऱ्याच दिवसांनी पुन्हा समोर येते. जे अडते ते लवकर येते. ठरावीक अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, या मानसशास्त्रातील जुन्या निष्कर्षावर त्याची रचना आधारलेली आहे. पाढे, इंग्रजी शब्द, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी यांसाठी शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार मराठीत पत्रे करता येतील.

चित्रफिती दाखविण्यासाठी ‘व्हीएलसी’ उपयुक्त आहे. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हाती घेतलेल्या प्रकल्पातून ते जन्मास आले आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. जवळजवळ कोणत्याही प्रकारची ध्वनिफीत वा चित्रफीत ते चालविते, आणि मुलांसमोर मध्येच जाहिरात येत नाही.

कार्यालयासाठी

गावातील विहिरी, पथदिवे, नादुरुस्त हातपंप, शाळाबाह्य मुले यांची पाहणी स्थानिक पातळीवर वेळोवेळी करावी लागते. अशा कामासाठी ‘ओडीके कलेक्ट’ हे ॲप उत्तम आहे. त्याची सुरुवात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली झाली. प्रश्नावली मराठीत तयार करता येते. उत्तरासोबत छायाचित्र व ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदविता येतात. जोडणी नसल्यास नोंद मोबाईलमध्येच राहते व जोडणी मिळताच पुढे पाठविता येते. ती कोणत्या सर्व्हरवर जावी हे पाहणी योजणारे कार्यालय ठरविते. सर्व्हरची आज्ञावलीही मुक्त असल्याने ती कार्यालयाला स्वतःच्या यंत्रणेत बसविता येते. शासकीय योजनांसाठी जी ॲप्स विहित केलेली आहेत ती अर्थातच वापरावयाची आहेत. हे साधन त्यांच्या पलीकडील कामांसाठी आहे.

‘ऑर्गॅनिक मॅप्स’ व ‘ऑस्मअँड’ ही नकाशाची ॲप्स ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर आधारलेली आहेत. हा खुला नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि जगभरातील स्वयंसेवक तो भरीत आहेत. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय चालतो. एखाद्या वाडीचा रस्ता किंवा शाळा त्यात नसेल, तर ती भर आपणच घालू शकतो. हैतीमध्ये जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला तेव्हा स्वयंसेवकांनी दूरवरून उपग्रहचित्रे पाहून रस्ते भरले व तो नकाशा मदतपथकांच्या उपयोगी पडला. पूरप्रवण नदीकाठच्या गावांनी ही भर संकट येण्यापूर्वीच घालून ठेवणे हितावह आहे. मात्र जमिनीच्या हद्दीसाठी भूमिअभिलेख विभागाची मोजणी हीच प्रमाण होय. या नकाशाचा त्या कामी उपयोग नाही.

निरनिराळ्या शासकीय संकेतस्थळांचे पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आढळते. त्याऐवजी ‘कीपासडीएक्स’ वापरावे. सर्व पासवर्ड एका कूटबद्ध फाईलमध्ये, आपल्याच मोबाईलमध्ये राहतात आणि एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. तो विसरल्यास फाईल कोणालाही उघडता येत नाही. म्हणून तो पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवावा व फाईलची एक प्रत अन्यत्र जपावी. टंकनासाठी ‘हेलीबोर्ड’ हा कळफलक आहे. त्याला इंटरनेटची परवानगीच नसल्याने आपण टंकलेला मजकूर तो बाहेर पाठवू शकत नाही.

मालक बदलला तरी साधन टिकते

मुक्त परवान्याचे बळ एका अलीकडील घटनेत दिसून आले. ‘सिंपल मोबाईल टूल्स’ या नावाने छायाचित्रसंग्रह, दिनदर्शिका, संपर्कवही इत्यादी साध्या ॲप्सचा एक संच लोकप्रिय होता. २०२३ च्या अखेरीस तो एका कंपनीस विकण्यात आला. मालक बदलल्यावर साधनाचे स्वरूपही बदलेल, अशी धास्ती वापरणाऱ्यांना वाटली. बंद संहितेच्या ॲपचा वापरणारा अशा वेळी हताशपणे पाहत राहतो. येथे मात्र जीपीएल परवान्यामुळे संहिता सर्वांपाशी होती. पूर्वी त्या प्रकल्पात काम केलेल्यांनी तीच संहिता घेऊन ‘फॉसिफाय’ नावाने तो संच पुढे चालू ठेवला. गावाने वर्गणी काढून बांधलेल्या पाणवठ्याला कोणी एकाने कुलूप लावू नये, तसाच हा प्रकार आहे.

शासनाचे धोरण

केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावलीच्या स्वीकारासंबंधी धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या प्रणालींमध्ये बंद संहितेच्या तुलनेत मुक्त स्रोतास पसंती द्यावी, असे त्याचे सूत्र आहे. शिक्षकांच्या परिचयाचा, २०१७ साली सुरू झालेला ‘दीक्षा’ मंच ‘सनबर्ड’ या मुक्त आज्ञावलीवर उभा आहे. कोविडच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’ ॲपविषयी, ते माहितीचा कसा उपयोग करते अशा शंका घेतल्या गेल्या. त्यानंतर २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची मूळ संहिता प्रसिद्ध करण्यात आली. नागरिकांची शंका असेल तर संहिता दाखवावी, हा पायंडा लोकशाही प्रशासनास शोभणारा आहे.

मर्यादा आणि दक्षता

मुक्त असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. संहिता खुली असली तरी ती कोणीतरी प्रत्यक्ष वाचावी लागते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्स प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी हेतुपुरस्सर चोरदरवाजा घातल्याचे उघडकीस आले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एका कामास अर्धा सेकंद अधिक का लागतो असा प्रश्न पडला, आणि त्या शोधातून हे कारस्थान बाहेर आले. संहिता खुली होती म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आले. पण ती खुली असूनही हा दरवाजा काही आठवडे कोणाच्या नजरेस पडला नव्हता, हेही तितकेच खरे.

दुसरी मर्यादा साहाय्याची. यांपैकी अनेक प्रकल्प देणग्यांवर व स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात. अडचण आल्यास दूरध्वनीवर उत्तर देणारे कोणी नसते. काही ॲप्सचे मराठी भाषांतर अपुरे आहे. ही उणीव मात्र आपणच भरून काढू शकतो. शब्दांचे मराठीकरण करण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. भाषेचे चांगले ज्ञान पुरते. शिक्षकांनी व भाषाप्रेमी कर्मचाऱ्यांनी या कामात भाग घेतल्यास त्याचा लाभ सर्व मराठी भाषकांना होईल.

प्रारंभ अगदी साध्या गोष्टीने करता येईल. आपल्या कार्यालयाच्या मोबाईलमधील प्रत्येक ॲपला कोणकोणत्या परवानग्या दिलेल्या आहेत, हे सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा पाहावे. दिव्याला ठिकाण कशाला, कळफलकाला संपर्कवही कशाला, असे प्रश्न विचारावेत. ज्याचे समाधानकारक उत्तर मिळणार नाही, त्या ॲपच्या जागी एखादे मुक्त ॲप महिनाभर वापरून पाहावे. मासिक सभेत किंवा केंद्रातील शिक्षण परिषदेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवला, तरी पुष्कळ काम होण्यासारखे आहे. नोंदवही जपण्याची आपली शिस्त मोबाईलच्या नोंदींनाही लागू झाली पाहिजे, आणि ती लागू करणे आपल्या हातात आहे.