पिशवीचा रस्ता

पूर्वी उकिरड्यावर टाकाल त्याचे खत होई. आता तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या पडतात. त्या कुजत नाहीत. गाय त्या खाते आणि दगावते. जाळाव्या, तर धूर विषारी. आम्हीही पूर्वी पिशव्या चुलीत घालत असू. मग करावे तरी काय?

तमिळनाडूत मदुराई शहर आहे. तेथील एका महाविद्यालयात राजगोपालन वासुदेवन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी अशा पिशव्या रस्त्याच्या कामी लावल्या. २००२ साली महाविद्यालयाच्या आवारात तसा रस्ता झाला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही रीत कशी, ते पाहू. स्वच्छ, कोरड्या पिशव्यांचे बारीक तुकडे करतात. खडी खूप तापवतात आणि तिच्यावर तुकडे टाकतात. प्लॅस्टिक वितळते, पण जळत नाही. भांड्याला कल्हई चढावी तसा खडीवर थर चढतो. मग डांबर मिसळतात.

डांबरी रस्त्याचा वैरी पाणी. ते शिरले की खडी आणि डांबर यांची ताटातूट होते. खड्डे पडतात. थर चढलेली खडी पाणी आत घेत नाही, डांबरही घट्ट धरते. म्हणून रस्ता जास्त टिकतो.

मात्र सगळेच प्लॅस्टिक चालत नाही. पीव्हीसी पाइपाचे तुकडे तापवले तर विषारी वायू निघतो. म्हणून निवड हवी, आणि ती घरापासूनच हवी. दुधाची पिशवी धुवा, वाळवा, वेगळी ठेवा. ग्रामसभेत विचारा, "आपले प्लॅस्टिक जाते कुठे?"

तीच पिशवी. गाईच्या पोटात जायची, की रस्त्यात? ते आपल्या हाती आहे.