खारापुढे रडार

पहाटे ५ : मे महिन्यात हिवरा आश्रमाहून उशिरा निघून भागत नाही. मेहकरवरून लोणार गाठेपर्यंत ऊन चढतं, मग टॅबलेटच्या पडद्यावर काही दिसत नाही. टपरीवाला विचारतो, ‘‘सायेब, आज पाणी सापडंल काय?’’ पाणी नव्हे, खार शोधतोय म्हटलं की हसतो. ‘‘खार त तळ्यात दिसूनच राह्यला. त्याले यंत्र कायले?’’ मुद्दा बिनतोड आहे. पण आम्हाला काठाखालचा खार हवा.

७ : अभयारण्य असल्यामुळे वनखात्याच्या चौकीवर परवाना दाखवून नोंद. मग अँटेना उचलून उतरायचं. विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद, काठ तळ्याच्या शंभराहून अधिक मीटर वर. येताना हेच ओझं वर न्यायचंय, हा विचार उतरताना करू नये.

८ : कमळजादेवीच्या देवळाजवळ पहिली ओळ. जीपीआर, म्हणजे जमिनीखाली पाहणारं रडार, जमिनीत रेडिओलहरी सोडतं. थर बदलला की लहरीचा काही भाग परततो, आणि परतायला लागलेल्या वेळावरून खोली काढतात. गंमत अशी की कोरड्या सैंधवातून ही लहर सहज जाते. जर्मनीच्या मिठाच्या खाणींत रडार शेकडो मीटर आतलं पाहतं, भेगा आणि पाण्याचे कप्पे हुडकतं. तेच मीठ पाण्यात विरघळलं की वीज वाहू लागते आणि लहर तिथेच जिरते. लोणारचं मीठ दुसऱ्या जातीचं. बेसॉल्ट झिजून सुटलेला सोडियम पाण्याबरोबर तळ्यात येतो, बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडतं, खार मागे राहतो. त्यामुळे तळ्याकाठच्या ओल्या गाळात पडद्यावर वरचे एक-दोन जाड पट्टे सोडले तर नुसता करडा गोंधळ.

९.३० : सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो : एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं. लोककथा म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही. वरच्या झऱ्यांचं गोडं पाणी गाळात जिथवर खारं पाणी मागे सारतं, ती सीमा शोधणं हेच आमचं काम.

११ : जीपीआर बाजूला. सळया ठोकून रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा रोध, मोजायची. रोध अगदी कमी आला की खाऱ्या पाण्याचा संशय. पण चिकणमातीही असाच आकडा देते, म्हणून नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. पूर्णा नदीकाठच्या, खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यातही हीच अडचण आणि म्हणूनच हीच पद्धत.

१ : भाकरी, ठेचा, सावली.

४ : वर, विवराच्या काठावर. कोरड्या मुरमात तीच अँटेना एकदम शहाणी होते. पुरलेल्या दगडांच्या कमानी पडद्यावर स्पष्ट उमटतात. कमानीच्या आकारावरून लहरीचा वेग काढता येतो, म्हणजे खोलीचा हिशेब अंदाजावर राहत नाही.

रात्री ८ : आश्रमात परत, लॅपटॉप उघडा. नकाशावर खुणा : रडार आंधळं आणि रोध कमी, तिथे लाल रंग. पण रडार आंधळं असूनही रोध बरा, तिथे पेन्सिलीने गोल. त्या जागी उद्या हाताच्या गिरमिटाने माती काढायची, ऊर्ध्वपातित पाण्यात कालवायची आणि त्या पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजायची. सकाळी गिरमिटाचा जादा दांडा घ्यायला विसरू नये.