बूट हलका, किंमत भारी

गावातला एखादा मुलगा शर्यतीत चमकू लागला, की कोणीतरी त्याला सांगतोच, "पाय चांगले आहेत रे, पण बूट भारीतला हवा." मग बापाने पीक विकून आलेले पैसे मोडायचे! ते मोडण्यापूर्वी बूट नीट पारखून घ्यावा.

हलकेपणाला मोल आहे, हे खरे. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले, तर धावणाऱ्याची शक्ती सुमारे १ टक्का जास्त खर्च होते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे २५ ग्रॅमचा फरक हा पाव टक्काच झाला. तेवढ्यासाठी दुप्पट दाम कशाला?

त्यापेक्षा माप पाहा. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात. तेव्हा मोजे चढवून बूट घाला. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी, टाच मात्र आत हलू नये. सरावाचा बूट बोटांच्या सांध्याशी वाकावा; मधोमध घडी पडली तर तो ठेवून द्या. उंच, मऊ तळ सरळ धावायला बरा, पण मैदानी खेळात झटकन वळताना त्यावर पाय मुरगळण्याचा धोका असतो.

आता तुम्ही म्हणाल, बुटाशिवाय कोणी जिंकते का? इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला; १९६४ साली टोकियोला बूट घालून जिंकला. तेव्हा मापाचा साधा बूट घ्या, आणि वाचलेल्या पैशांत मुलाच्या दुधाची सोय करा.