प्रणयकादंबरी, महाविद्यालयीन

महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण-तरुणींची प्रीती हा ज्या कादंबरीचा मध्यवर्ती विषय असतो, तिला महाविद्यालयीन प्रणयकादंबरी म्हणता येईल. वर्ग, ग्रंथालय, स्नेहसंमेलन, वसतिगृह, उपाहारगृह आणि मित्रांचा कट्टा ही या कादंबरीची परिचित स्थळे होत. प्रथम परिचय, मैत्री, अनुराग, गैरसमज व वियोग अथवा मीलन असा तिच्या कथानकाचा सामान्य क्रम असतो. तथापि केवळ स्थळांमुळे किंवा या क्रमामुळे तिला वेगळेपण येत नाही. महाविद्यालयात तरुण माणसाला आपली माणसे निवडण्याचे स्वातंत्र्य काही वर्षांपुरते लाभते. अखेरची परीक्षा झाली, की नोकरी, घर आणि विवाह यांविषयीचे निर्णय पुन्हा कुटुंबाकडे जातात. या दोन व्यवस्थांमधील विसंगती हा अशा कादंबरीतील भावनाट्याचा खरा उगम होय.

हा कादंबरीप्रकार निर्माण होण्यास सामाजिक पूर्वअटींची आवश्यकता होती. एकोणिसाव्या शतकात महाविद्यालयात शिकणारा महाराष्ट्रीय तरुण पुष्कळदा विवाहित असे आणि त्याची पत्नी वयाने लहान व बहुधा निरक्षर असे. त्यामुळे त्या काळच्या कादंबरीत प्रीती विवाहापूर्वी नव्हे, तर विवाहानंतर उमलते. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो? या कादंबरीतील (१८९०–९३) यमुना व रघुनाथ यांचे सहजीवन हे याचे ठळक उदाहरण आहे. पुढे स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा प्रसार झाला, विवाहाचे वय हळूहळू वाढले आणि समवयस्क स्त्री-पुरुष एका वर्गात बसू लागले. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाची किमान वयोमर्यादा १४ व मुलाची १८ वर्षे ठरविली. १९७८ मधील दुरुस्तीने ती अनुक्रमे १८ व २१ झाली. भिन्न धर्मांच्या स्त्री-पुरुषांना धर्मांतर न करता विवाह करण्याचा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सुकर केला. कायद्याने दिलेला हा अधिकार घरात मात्र सहजासहजी मान्य होत नसे.

मराठीत नागर, सुशिक्षित प्रेमिकांची कादंबरी लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यत्वे ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांच्याकडे जाते. फडके व्यवसायाने प्राध्यापक होते. जादूगार (१९२८), दौलत (१९२९), अटकेपार (१९३१) इ. कादंबऱ्यांतून त्यांनी रेखीव कथानक, प्रसन्न भाषा व चटकदार संवाद यांच्या साहाय्याने प्रणयाचे आकर्षक विश्व उभे केले. तरुण वाचकवर्गावर त्याचा मोठा प्रभाव पडला. या विश्वात आर्थिक विवंचना सहसा तीव्र नसते आणि अडथळे बव्हंशी रहस्य, गैरसमज किंवा योगायोग यांच्या स्वरूपाचे असतात. त्याच काळात विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर) यांनी कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहात चित्राची दुसरी बाजू दाखविली. शिक्षणाने जागृत झालेल्या, परंतु मनाजोगता जोडीदार निवडू न शकलेल्या प्रौढ कुमारिकांची घुसमट त्यात आहे. महाविद्यालयीन प्रेमाची किंमत स्त्रीला अधिक मोजावी लागते, याची नोंद मराठी साहित्यात अशा रीतीने प्रारंभीच झाली.

भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला या कादंबरीने (१९६३) महाविद्यालयीन जीवनाचे निराळे दर्शन घडविले. खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकराच्या या कथेत प्रणयाला स्थान नाही. तिच्यातील सर्वांत हृदयद्रावक भाग धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा आहे. तोवरच्या प्रणयकादंबरीने ग्रामीण विद्यार्थ्याचे एकाकीपण दुर्लक्षिले होते, ही गोष्ट तिच्यामुळे स्पष्ट झाली.

मराठीतील या प्रकाराचे सर्वाधिक वाचकप्रिय उदाहरण म्हणजे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांची दुनियादारी (१९८२) ही कादंबरी होय. रहस्यकथांमुळे ख्याती पावलेल्या या लेखकाने तीत पुण्यातील महाविद्यालयीन कट्ट्याचे जग रंगविले आहे. श्रेयस तळवलकर हा घरच्या दुराव्याने पोळलेला तरुण पुण्यास येतो आणि दिग्या व त्याच्या सोबत्यांच्या कट्ट्यात सामावला जातो. त्याच्या जीवनात येणाऱ्या शिरीन व मीनू या तरुणी, मित्रांच्या निष्ठा व वैरे आणि मद्याच्या आहारी गेलेले एम. के. श्रोत्री यांतून कथानक विणले गेले आहे. श्रोत्री ही व्यक्तिरेखा विशेष महत्त्वाची आहे. मागील पिढीचे विफल प्रेम तिच्या रूपाने तरुणांसमोर उभे राहते. आजची उत्कटता उद्या कोणते रूप घेऊ शकते, याची ती जाणीव देते. कट्ट्याची बोलभाषा, तिच्यातील शिव्या व थट्टा यांमुळे भावुकतेला आपोआप आवर बसतो. संजय जाधव दिग्दर्शित त्याच नावाच्या चित्रपटाला (२०१३) मोठे व्यावसायिक यश लाभले आणि मूळ कादंबरीकडे नवी पिढी वळली. मिलिंद बोकील यांच्या शाळा (२००४) या कादंबरीने आणीबाणीच्या पार्श्वभूमीवर हाच अनुभव शालेय वयापर्यंत मागे नेला.

अन्य भाषांतील दोन कादंबऱ्यांशी तुलना केल्यास या प्रकारातील करुणरसाचे स्वरूप स्पष्ट होते. एरिक सेगल यांच्या लव्ह स्टोरी (१९७०) या अमेरिकन कादंबरीत भिन्न आर्थिक स्तरांतील दोन विद्यार्थी पित्याचा विरोध पत्करून विवाह करतात. त्यांची ताटातूट नायिकेच्या असाध्य रोगामुळे होते. धर्मवीर भारती यांच्या गुनाहों का देवता (१९४९) या हिंदी कादंबरीत अलाहाबादच्या विद्यापीठीय वातावरणातील चंदर हा, जिच्यावर त्याचे प्रेम आहे त्या सुधेला, स्वतःच अन्यत्र विवाह करण्यास राजी करतो. पहिल्या कादंबरीत दोष कोणाचाच नाही. दुसरीत कर्तव्य व त्याग या सद्‌गुणांतूनच अनर्थ ओढवतो. रोग वा अपघात वाचकाला रडवू शकतात; परंतु माणसांनी चांगुलपणाने घेतलेला चुकीचा निर्णय त्याला दीर्घकाळ अस्वस्थ ठेवतो. हलकी प्रणयकादंबरी व श्रेष्ठ प्रणयकादंबरी यांतील भेद बहुतांशी येथे आहे.

विसाव्या शतकातील मराठी महाविद्यालयीन कादंबरीचे चित्र प्रामुख्याने पुण्यासारख्या जुन्या विद्याकेंद्रांतून घेतलेले आहे. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) उभ्या राहिलेल्या नवी मुंबईत, विशेषतः पनवेल तालुक्यातील खारघरसारख्या नियोजित वसाहतीत, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, वेषरचना इ. शाखांच्या संस्था एकवटल्या आहेत. अशा वसाहतीत वाड्यांऐवजी सदनिका असतात, पिढ्यान्‌पिढ्यांची शेजारओळख नसते आणि भेटीचे ठिकाण बहुधा रेल्वे स्थानक वा उद्यान असते. भोवतालच्या नजरेचा धाक तेथे ओसरतो. जात, धर्म व मिळकत यांविषयीचे घरातील प्रश्न मात्र शिल्लक राहतात. दूरध्वनी खिशात आल्यापासून पत्राची वाट पाहणे संपले, परंतु घरी काय सांगावयाचे हा पेच संपलेला नाही. जोवर तरुणांची निवड आणि कुटुंबाची संमती यांत अंतर आहे, तोवर या कादंबरीप्रकाराला विषयाची उणीव भासण्याचे कारण नाही.