पावसाळ्यात अडकणारे कपाट

आपल्यापैकी अनेकांनी वसतिगृहांना जुनी सागवानी कपाटे दिली आहेत. मुलांची दप्तरे, अंथरुणे त्यांत राहतात. पण जुलै उजाडला की पल्ले अडकू लागतात. मुले चौकटीला पाय लावून ओढतात, कडी हातात येते, आणि कुणीतरी म्हणते, "मारा रंधा!" माझी कळकळीची विनंती आहे, दिवाळीपर्यंत रंध्याला हात लावू नका.

लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. सागसुद्धा, जरी इतर लाकडांपेक्षा कमी. हे फुगणे रुंदीत होते; रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ काहीच फरक पडत नाही. भर पावसात तासून पल्ला मोकळा केला, तर मार्चमध्ये तिथेच फट पडते आणि झुरळे थेट वह्यांपर्यंत पोहोचतात. तासलेले लाकूड परत चिकटवता येत नाही.

शिवाय दोष नेहमी पावसाचा नसतो. बारा महिने घासणारा पल्ला बहुधा बिजागरीमुळे घासतो. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की पल्ला लोंबतो आणि कडीकडचा खालचा कोपरा टेकतो. पल्ला हाताने थोडा उचलून पाहा. हलला तर कारण सापडले. स्क्रू काढा, गूल काढलेल्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, आणि तोच स्क्रू पुन्हा पिळा. खर्च जवळपास शून्य.

बिजागरी घट्ट असेल तर जमीन पाहा. आमच्याकडच्या फरश्या कुठे सपाट असतात! एक पाय अधांतरी असला की चौकट तिरकी होते आणि पल्ला अडतो. कपाट रिकामे करून त्या पायाखाली पातळ पाचर सरकवा.

एवढे करूनही घासत असेल, तर पल्ल्याच्या कडेला खडू फासून दार लावा. चौकटीवर खडू उमटेल तीच अडणारी जागा. तिथे मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. बहुतेक वेळा पावसाळा तेवढ्यावर निघतो.

वेस्ट्रीतल्या कपाटाबाबत अधिक जपा, कारण आत बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या असतात. पल्ला घट्ट बसला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जुनी कड तुटते. फटीत प्लास्टिकची पट्टी घालून हळूहळू वरून खाली न्या.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावरही खडूची खूण उमटली, तरच तेवढ्याच जागी काचकागद चालवा, आणि उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी पॉलिश द्या. नाहीतर पुढच्या पावसात तीच कड सर्वांत आधी पाणी पिईल. कपाटाला जुना तैलरंग असेल तर त्यात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका, मुलांना दूर ठेवा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या.