सुरीची धार घरच्या घरी

सुरी बोथट झाली की आपण ती धारवाल्याच्या चाकावर देतो. चाक जोरात फिरते, पाते तापते. धारेवर निळसर झाक आली की पोलादाचे पाणी उतरले समजा. अशी धार फार टिकत नाही, पातेही झिजते. बोथट सुरी निसटून हात कापते. जबिहासाठी तर सुरी धारदार असावी, अशी हदीसची ताकीदच आहे.

प्रथम गंज काढा. लाकडी ठोकळ्याला २२० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, पाणी लावून, पात्याच्या लांबीने घासा. मग ४००, शेवटी ६०० नंबर. आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये.

आता दुहेरी कार्बोरंडम दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पाते दीड इंच रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून अर्धा इंच उचला. सुमारे २० अंशांचा कोन होतो. तो न बदलता खरखरीत बाजूवर घासा. पात्याच्या दुसऱ्या अंगाला, धारेच्या सबंध लांबीवर बारीक कोर उमटली की पाते उलटा. कोर आली नाही तर काम अपुरे आहे. नंतर बारीक बाजूवर हलक्या हाताने घासा आणि चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे व धार मागे ठेवून, ओढा.

परीक्षा बोटावर नको, कागदावर घ्या. हाडे तोडण्याच्या सत्तूरला मात्र २५ ते ३० अंशांची जाड धार ठेवावी. पातळ धारेचे तुकडे उडतात.